मान डोलली म्हणजे कळलं असं नाही

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की आरोग्यसेविकेचं निम्मं काम सुईशिवायच, बोलून-शिकवूनच चालतं. त्यावर बरीच पत्रं आली. काही मायेची होती, एक चांगलंच चिडलेलं. ३१ वर्षं घरोघर फिरून निवृत्त झाले, त्यामुळे चिडलेलं पत्र आधी उघडायची सवय आहे. पण आज सुरुवात एका नव्या मुलीच्या पत्रापासून करते, कारण तिचा प्रश्न वाचताना अक्षर तिचं आणि गोष्ट माझी, असं वाटत राहिलं.

प्रश्न : बाई, मी आठ महिन्यांपूर्वी आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले. दर महिन्याला मातांची सभा घेते. मुलाला जुलाब झाले तर ओआरएस, म्हणजे पाकिटातल्या मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी, कसं करायचं हे आतापर्यंत तीनदा शिकवलं. सगळ्या मान डोलावतात, ‘कळलं’ म्हणतात. गृहभेटीला गेले की पाकीट फडताळात तसंच पडलेलं दिसतं, नाहीतर भलतंच कालवलेलं. मी शिकवण्यात कमी पडते, की त्यांनाच नको आहे?

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही अशीच सभा घेतली होती. समोर चाळीसेक बाया, मागे फळा, हातात पाकीट. ‘पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात टाकायचं’ असं मी ठणकावून सांगितलं, पत्र्याच्या जगमध्ये पाणी ओतून करूनही दाखवलं. ‘कळलं ना?’ विचारलं. चाळीस माना हलल्या. मी खूश.

तीन आठवड्यांनी त्यातल्याच एकीच्या घरी गेले, तर दीड वर्षाचं पोर तोंड फिरवून पेला ढकलत होतं. मी बोट बुडवून चाखलं आणि माझंच तोंड वाकडं झालं. तिने एक लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं होतं. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, हे कोणी सांगितलं? ती शांतपणे म्हणाली, ‘तुम्हीच. पूर्ण पाकीट टाका म्हणालात. आणि माझं पोर एका वेळी पेल्यापेक्षा जास्त पीत नाही.’

तिचं कुठे चुकलं सांग. ‘पूर्ण पाकीट’ तिला पक्कं आठवत होतं. लिटर हा शब्द तिच्या रोजच्या बोलण्यात नव्हता, आणि माझा तो पत्र्याचा जग शेवटच्या रांगेतून पेल्याएवढाच दिसला असणार. असं घट्ट पाणी मुलाच्या अंगात गेलं की मीठ जास्त होतं, तहान आणि जुलाब दोन्ही वाढू शकतात. त्या दिवशी पोर वाचलं ते त्याच्या जिभेमुळे. खारट लागलं म्हणून त्याने प्यायलंच नाही. याच्या उलट करणाऱ्या आयाही पुढे भेटल्या. पाकीट वाया जाऊ नये म्हणून दर वेळी चिमूट-चिमूट काढून वाटीभर पाण्यात टाकायच्या. पाकिटातली पूड एकसारखी मिसळलेली असेलच असं नाही, म्हणून तेही चुकीचंच. शिवाय पाकिटं सगळी एका मापाची नसतात. काही एक लिटरची असतात, काही पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्याची. हे माप पाकिटावर छापलेलं असतं, पण वाचायचं कोणी?

त्यानंतर मी जग न्यायचं बंद केलं. बाईच्या घरचं भांडं मागायचं, लिटरच्या बाटलीने मोजून त्यात पाणी ओतायचं आणि पाणी जिथवर येईल तिथे आतून खिळ्याने ओरखडा काढायचा. ‘या रेघेपर्यंत पाणी, मग अख्खं पाकीट.’ संपलं. लिटर हा शब्दच काढायचा नाही. एका आजींनी नव्या पातेल्यावर ओरखडा काढला म्हणून मला दोन शब्द सुनावले. ते माझं चुकलं, आधी विचारायला हवं होतं.

आणि ‘कळलं ना?’ हा प्रश्न कायमचा सोडून दे. त्याचं उत्तर जगात सगळीकडे ‘हो’ असंच येतं. नाही म्हटलं तर आपण अडाणी ठरू ही भीती, आणि हो म्हटलं की सभा सुटते! त्याऐवजी चूक स्वतःकडे घ्यायची : ‘मी आज घाईत बोलले, नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी सासूबाईंना कसं समजावाल ते मलाच सासू समजून सांगा बरं.’ नुसतं तोंडी नको, तिच्या हाताने पाणी कालवून घे. जिथे तिचा हात थबकेल तिथे आपलं बोलणं कमी पडलेलं असतं. तेवढंच परत सांगायचं, पहिल्यापासून सगळं नाही.

याचा फार मोठ्या प्रमाणावर झालेला प्रयोग तुला माहीत असावा. १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार गेल्या आणि एक कोटीहून जास्त घरांत त्यांनी आयांना घरच्या घरी मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. बहुतेक ठिकाणी मोजायला चमचेही नव्हते, म्हणून माप हाताचंच : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी. मला त्यातली पगाराची युक्ती सगळ्यात आवडते. कार्यकर्तीला किती घरं केली यावर पैसे नव्हते. काही दिवसांनी दुसरं माणूस निवडक घरांत जाऊन आईला प्रश्न विचारायचं, पाणी करून दाखवायला सांगायचं, आणि आईला किती आलं त्यावर कार्यकर्तीचा पगार ठरायचा. आपल्या नोंदवहीत ‘सभा घेतली, उपस्थिती चाळीस’ असं लिहायला रकाना असतो. ‘चाळिसांपैकी किती जणींना करता आलं’ याला रकाना मला ३१ वर्षांत दिसला नाही. मी तो पेन्सिलीने स्वतःच आखून घेतला होता.

तिथेही पुढे एक अडचण आली आणि ती थेट तुझ्या प्रश्नाशी जुळते. आयांना पाणी करता येऊ लागलं, तरी प्रत्यक्ष वापर फारच कमी दिसला. शोध घेतला तेव्हा कळलं की खुद्द काही कार्यकर्त्यांचाच त्यावर भरवसा नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. शिवाय घरातल्या पुरुषांशी कोणी बोललंच नव्हतं, आणि औषध आणायचं की नाही हे ठरवत होते ते. दोन्हीकडे लक्ष दिल्यावर वापर वाढला. म्हणून तुला विचारते, उत्तर मला पाठवू नकोस, स्वतःलाच दे : मागच्या वेळी तुझं पोट बिघडलं तेव्हा तू काय घेतलंस?

भरवसा कमी पडण्याचं कारण बहुधा एकच असतं. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत. आईला वाटतं, औषध लागू पडलं नाही. तेव्हा पहिलंच वाक्य हे असू दे : ‘याने जुलाब थांबणार नाहीत, पण अंगातलं गेलेलं पाणी भरून निघेल आणि मूल टिकेल.’ १९७१ साली पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन अपुरं पडू लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मिश्रण मोठाल्या पिंपांत करून ठेवलं. पेल्यांनी पाजायचं काम नातेवाइकांनी केलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणाऱ्यांत शिकलेले किती असतील? पण पिंप समोर होतं, माणूस समोर होतं आणि कोणीतरी बाजूला उभं राहून दाखवत होतं.

जुलाबात ओआरएसबरोबर द्यायच्या झिंकच्या गोळ्यांचंही तसंच. १० ते १४ दिवस द्यायच्या असतात, पण तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या बंद होतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होऊ नयेत म्हणून उरलेल्या गोळ्या आहेत, हे कारण सांगितलं की निदान निम्म्या आया पूर्ण करतात, हा माझा वहीतला अनुभव. आणि शौचातून रक्त, काहीच न पिणं, प्यायलेलं सगळं उलटणं, खोल गेलेले डोळे, मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर कालवत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा, हेसुद्धा त्यांच्याच तोंडून वदवून घे.

प्रश्न : आमच्याकडे आरोग्यसेविका येतात तेव्हा मला परीक्षा द्यायला बसल्यासारखं वाटतं. त्या घरभर नजर फिरवतात, वहीत काहीतरी लिहितात. पाणी कुठे ठेवता, हात कधी धुता, संडास कोणता, सगळे प्रश्न. आम्ही आजारी नाही. मग आमच्या घरात डोकावायचा हक्क यांना दिला कोणी?

हे ते चिडलेलं पत्र. राग रास्त आहे.

या कामाच्या मुळातच थोडी झडती आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर आणि सॅलफर्डमध्ये १८६२ साली तिथल्या बायकांनी स्वच्छता सुधारणेसाठी एक संस्था काढली. गरीब वस्त्यांत दारोदार जाऊन स्वच्छता, मुलांची निगा हे शिकवायचं हा हेतू. सुरुवात केली ती खात्यापित्या घरच्या बायकांनी, पण लौकरच त्यांच्या ध्यानात आलं की वस्तीतल्यासारख्याच कष्टकरी घरची बाई गेली तर दार उघडतं, म्हणून तशा बायकांना पगारावर नेमलं. आरोग्य अभ्यागत, म्हणजे घरोघर जाणारी हेल्थ व्हिजिटर, या पेशाची वंशावळ सांगताना लोक तिथूनच सुरुवात करतात. पुढे १८९२ च्या सुमाराला सत्तरी ओलांडलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने बकिंगहॅमशायरमध्ये खेड्यांत जाणाऱ्या स्त्रियांचं प्रशिक्षण सुरू करायला लावलं. तिचाही हट्ट हाच, की नुसती व्याख्यानं देऊन भागायचं नाही, घरात जाऊन आईशी बोलायला हवं. म्हणजे बघा, डोकावण्याचा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे आणि तो पूर्ण सुटलेला नाही.

मी स्वतः एकदा एका घरी गेले आणि बसायच्या आधीच पाण्याच्या भांड्यावरचं झाकण उचलून आत बघितलं. सवय! बाई काही बोलली नाही. पण पुढची दोन वर्षं मी गेले की ‘घरी कोणी नाही’ असं आतूनच उत्तर यायचं, तेही तिच्याच आवाजात. दोन वर्षांत त्या घरात एक मूल जन्मलं, आणि मी त्याला पाहिलं ते दुसऱ्याच्या कडेवर.

हक्काचं विचारता, तर आलेल्या बाईला तुम्ही म्हणू शकता की आज नको, अमुक दिवशी या. वहीत काय लिहिलं ते दाखवा म्हणू शकता. तो प्रश्न का विचारला, हे विचारू शकता. चांगल्या सेविकेकडे कारण असतं आणि तिला ते सांगायला आवडतं. घरातल्यांसमोर नको असलेली गोष्ट असेल तर एकटीने बोलायला वेळ मागा. तुमच्या घरातलं शेजारच्या घरात जाता कामा नये. याला अपवाद एकच, कोणाच्या जिवाला, विशेषतः मुलाच्या जिवाला धोका दिसला तर तिला वरिष्ठांना कळवावंच लागतं. आणि एखादी सेविका तुमच्याकडचं शेजारी सांगताना आढळली, तर तक्रार कराच, माझ्या पेशाची आहे म्हणून मी तिची बाजू घेणार नाही.

राहिलं ‘आम्ही आजारी नाही’. अहो, म्हणूनच तर ती येते. आजारी माणसाला डॉक्टर भेटतात.

प्रश्न : माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. सिस्टर सांगतात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको. सासूबाई म्हणतात, उकाड्यात मुलाचा घसा सुकतो, चमचाभर पाणी पाजल्याने काय होतं, आम्ही नाही का मुलं वाढवली? मी दोघींच्या मध्ये अडकले आहे.

आधी गोष्टीचा निकाल लावते. सिस्टर बरोबर सांगताहेत. आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं, उकाड्यात बाळाला तहान लागली तर ते जास्त वेळा दूध ओढतं. पाण्याने इवलंसं पोट भरतं, तेवढं दूध कमी जातं, आणि पाण्यातून जंतू जायची वाट उघडते. दूध पुरतंय का हे ओळखायची खूण म्हणजे लघवी : दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा होत असेल तर घसा सुकलेला नाही. डॉक्टरांनी दिलेले थेंब, औषध किंवा जुलाबात सांगितलेलं ओआरएस चालतं, ते या नियमात मोडत नाही.

आता सासूबाई. त्यांचा मुद्दा पाण्याचा वाटतो, पण नीट ऐका, शेवटचं वाक्य काय आहे? ‘आम्ही नाही का मुलं वाढवली?’ आम्हा लोकांची जुनी खोड अशी, की सुनेशी बोलायचं म्हणून सासूला खोलीबाहेर काढायचं. मीही काढत असे. बाहेर काढलेली बाई विरोधी पक्षात जाणारच. रात्री दोन वाजता बाळ रडतं तेव्हा घरात ती असते, सिस्टर नसते. पुढच्या भेटीच्या वेळी सासूबाईंना आवर्जून बसवून घ्या आणि सिस्टरना म्हणा, आधी यांचं ऐका. सिस्टर शहाण्या असतील तर विचारतील, तुमच्या वेळी बाळ आजारी पडलं की काय करायचात? मग लघवी मोजायचं काम त्यांच्याकडे सोपवतील. मी एका आजींना कागद दिला होता, बाळाने ओलं केलं की त्यांनी एक रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी अकरा रेघा घेऊन त्या माझी वाट बघत बसल्या होत्या, आणि सुनेला सांगत होत्या, ‘पाणी कशाला हवंय त्याला?’ जणू काही कल्पना त्यांचीच. असू दे की त्यांची.

प्रश्न : लस दिल्यावर ताप येऊ शकतो हे आधीच सांगावं का? आमच्या एका वरिष्ठांचं म्हणणं, सांगितलं तर लोक येतच नाहीत.

सांगावं. न सांगितल्याने एक आई आज येते आणि ताप आला की पाच जणींना घेऊन जाते.

पण ‘ताप येईल’ एवढ्यावर थांबू नये. किती, किती दिवस, काय करायचं आणि कधी धावायचं, हे सगळं एका दमात सांगायचं. टोचलेल्या जागी सूज, थोडा ताप, किरकिर हे एक-दोन दिवस. तापाचं औषध वजनाप्रमाणे, किती ते तिथेच लिहून द्यायचं. अंगावर पाजणं चालू ठेवायचं. सलग तीन तासांहून जास्त रडणं, झटका, अंग लुळं पडणं, श्वासाला त्रास यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच बसवून ठेवतो ते का, हेही सांगा, नाहीतर त्यांना वाटतं सिस्टरला जेवायची सुट्टी आहे. गोवराच्या लसीचं मात्र वेगळं सांगावं लागतं. तिचा ताप किंवा पुरळ साधारण ७ ते १२ दिवसांनी येतो, तोवर आई लस विसरलेली असते आणि नवाच आजार आला म्हणून घाबरते. मी कार्डाच्या मागे तारीख लिहून द्यायचे, ‘या आठवड्यात अंग तापलं तर दचकू नका.’ त्या एका ओळीमुळे कार्डसुद्धा जपून राहायची.

प्रश्न : आम्ही काही परिचारिका मिळून बाळाच्या आहाराची चित्रांची पत्रिका छापतो आहोत. चित्रं तुम्हाला पाठवू का? तपासून द्याल?

पत्रिका करा, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. कागदापेक्षा हातात धरायची वस्तू जास्त शिकवते. मूल कुपोषित आहे का हे बघायला दंडघेर मोजायची पट्टी बघा ना. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची. ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल, १२.५ पर्यंत पिवळी, पुढे हिरवी. न शिकलेली आईसुद्धा दोनदा करून बघितलं की स्वतः मोजते, आणि लाल दिसलं तर कोणी न सांगता येते.

चित्रांचं सांगायचं तर, आम्हीही एकदा छापली होती. दुधाची बाटली, आणि तिच्यावर मोठ्ठी लाल फुली. बाटलीने पाजू नका, याहून स्पष्ट काय असणार? गठ्ठे वाटून झाल्यावर मी एका बाईला विचारलं, यात काय दिसतं? तिने कागद जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, ‘बाटली चांगली दोरीने बांधून ठेवायची, उंदीर येत असतील.’

तेव्हा चित्रं मला पाठवू नका. मला अर्थ आधीच ठाऊक आहे, मी काय तपासणार? ज्यांच्यासाठी काढली त्यांच्यापैकी पाच जणींना एकेकटीला दाखवा, ‘यात काय दिसतं’ एवढंच विचारा आणि त्या बोलत असताना मध्ये काहीही सुचवू नका. हे सगळं छापखान्यात जायच्या आधी करा, आमच्यासारखं गठ्ठे वाटून झाल्यावर नको.